मागून येणाऱ्यासाठी दिवा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतो, त्याला झेंडूचा हार घालतो, चाकापुढे नारळ फोडतो. ट्रॉलीलाही हळदीकुंकवाची बोटे लागतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि पुढचे चार-पाच महिने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या भागांतले रस्ते उसाच्या वाहनांनी भरून जातात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर कडेपर्यंत रचलेला ऊस आणि मागे लोंबणारे वाढे, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे.

कारखाना रात्रंदिवस चालतो. तोडलेला ऊस जास्त वेळ पडून राहिला तर त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही घटतो. त्यामुळे ऊस वाहतूक दिवस मावळला म्हणून थांबत नाही. रात्री दहाला फड सोडलेली ट्रॉली पहाटे कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत पोचते. वाटेत तिचा टायर पंक्चर होतो, बेअरिंग जाते, कधी पाटा तुटतो आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहते. अनेकदा मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो. मागून मोटारसायकलवर येणाऱ्या माणसाला ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. दर हंगामात अशा अपघातांच्या बातम्या आपण वाचतो. मराठवाड्यातून ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्या बायकामुलांसह याच ट्रॉल्यांतून रात्रीचा प्रवास करतात. ट्रॉलीतून माणसे नेणे नियमाला धरून नाही, पण ते घडते हे आपण सारे पाहतो. तेव्हा मागून धडक बसली, तर ती उसाला बसत नाही.

म्हणून आज ट्रॉलीच्या दिव्यांविषयी, त्यांच्या वायरिंगविषयी आणि ट्रॉलीला जोडलेल्या काही सुट्या भागांविषयी बोलायचे आहे. विषय गॅरेजमधला वाटेल, पण तो रस्त्यावरच्या प्रत्येकाचा आहे. ट्रॅक्टरचा पुढचा दिवा चालवणाऱ्याच्या कामाचा असतो, म्हणून तो बंद पडला की त्याच दिवशी दुरुस्त होतो. ट्रॉलीचा मागचा दिवा चालवणाऱ्याला दिसतही नाही. तो बंद पडला तरी त्याचे काही अडत नाही. अडते ते मागच्याचे. दुर्लक्षाचे मूळ इथे आहे.

नऊ सेकंद आणि तीन सेकंद

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यांनुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत रस्त्यावरच्या वाहनाच्या मागे तांबडा दिवा लागलेला असला पाहिजे आणि तो १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. हा आकडा मनात ठेवून थोडा हिशेब करू.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल किंवा जीप एका सेकंदात साधारण सतरा मीटर अंतर कापते. उभ्या ट्रॉलीचा दिवा १५५ मीटरवरून दिसला, तर मागच्या माणसाच्या हाती नऊ सेकंद असतात. तेवढ्यात वेग कमी करता येतो, समोरून कोणी येते आहे का ते पाहता येते आणि बाजूने काढता येते. आता दिवा नाही असे धरू. खाली पाडलेल्या, म्हणजे डिपरच्या उजेडात काळपट, धुळकट ट्रॉली चाळीस-पन्नास मीटरवर आल्यावर कुठे दिसते. हाती राहतात जेमतेम तीन सेकंद. त्यातला एक-दीड सेकंद समोर काय आहे हे कळून पाय ब्रेकवर जाण्यात जातो. तेवढ्यात गाडी पंचवीस मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे ६० च्या वेगाला जेमतेम जमते किंवा जमत नाही. वेग ८० असेल तर थांबायला एकूण सत्तर मीटरच्या वर लागतात, तिथे प्रश्नच मिटला. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोताने डोळे दिपले असतील, तर ६० चा हिशेबही कोलमडतो.

दिवा एक असून भागत नाही, दोन्ही कडांना दोन लागतात. ट्रॉलीच्या मागे एकच टेललाइट जळत असेल तर मागच्याला पुढे मोटारसायकल चालली आहे असे वाटते. तो मोटारसायकलला सोडावी तेवढीच जागा सोडून बाजूने काढायला जातो आणि ट्रॉलीचा न दिसणारा दुसरा कोपरा त्याच्या वाटेत येतो. अर्धवट दिवा अशी चुकीची माहिती देतो. म्हणून दोन दिवे ट्रॉलीच्या रुंदीच्या अगदी कडेला असावेत. ते इतके वरही नकोत की वाढ्यांच्या झुबक्यात लपतील आणि इतके खालीही नकोत की चाकाचा चिखल थेट त्यांवर उडेल.

सात पिनांची भाषा

ट्रॅक्टरच्या मागे गोल, झाकणाचा एक सॉकेट असतो. त्यात सात पिना असतात. ट्रॉलीचा प्लग त्यात बसतो आणि ट्रॅक्टरमधून वीज ट्रॉलीकडे जाते. बारा व्होल्टच्या वाहनांसाठी या सात पिनांची कामे आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिलेली आहेत. त्या मानकाचा क्रमांक आयएसओ १७२४. पहिली पिन डाव्या इंडिकेटरची, वायर पिवळी. दुसरी मागच्या धुक्याच्या दिव्याची, वायर निळी. आपल्याकडे ती बहुधा रिकामी किंवा दुसऱ्याच कामाला लावलेली असते. तिसरी अर्थिंगची, वायर पांढरी. चौथी उजव्या इंडिकेटरची, हिरवी. पाचवी उजव्या टेललाइटची, तपकिरी. सहावी ब्रेकलाइटची, तांबडी. सातवी डाव्या टेललाइटची, काळी.

ही यादी कोणी पाठ करावी असे नाही. वहीच्या पानावर लिहून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवली की पुरे. खरी अडचण अशी की, आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्या गावच्या वर्कशॉपमध्ये बनतात आणि वायरिंग हाताशी असेल त्या रंगाच्या वायरीने होते. रंगावर विसंबून जोडणी केली तर डावा इंडिकेटर दिल्यावर उजवा लागतो. नवा प्लग बसवताना आधी ट्रॅक्टरच्या सॉकेटची एकेक पिन टेस्ट लॅम्पने तपासावी. बारा व्होल्टचा एक बल्ब, होल्डर आणि दोन वायरी, एवढेच ते साधन. एक टोक ट्रॅक्टरच्या चेसीवरच्या स्वच्छ लोखंडाला लावायचे, दुसरे पिनेला. मग कोणाला तरी सीटवर बसवून एकेक स्विच दाबायला सांगायचे. पाच मिनिटांत सॉकेट स्वतःच आपली भाषा सांगतो.

दोन ट्रॉल्या ओढणाऱ्यांनी एक गोष्ट जास्त पाहावी. पहिल्या ट्रॉलीच्या मागे दुसरा सॉकेट हवा आणि दोन्ही ट्रॉल्यांची पिनांची मांडणी अगदी सारखी हवी. बरेच जण एकाच ट्रॉलीला दिवे बसवतात. मग कारखान्यावर ट्रॉल्यांचा क्रम बदलतो, दिव्यांची ट्रॉली पुढे जाते आणि रस्त्यावर मागे अंधार राहतो. दोन्ही ट्रॉल्या पुऱ्या असल्या की कोणतीही मागे लावा, काळजी नाही.

सुटे भाग घेताना व्होल्टेज विचारून घ्यावे. आपले ट्रॅक्टर बारा व्होल्टचे, मोठे ट्रक चोवीस व्होल्टचे. दुकानात दोन्हींचे बल्ब शेजारी शेजारी असतात आणि दिसायलाही सारखे असतात. चोवीसचा बल्ब ट्रॅक्टरला लावला तर तो मिणमिणतो आणि आपण उगाच वायरिंग उसवत बसतो.

परतीची वाट

ट्रॉलीच्या दिव्यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना कोणताही अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन पहिला प्रश्न विचारतो, ‘अर्थ बघितलात का?’ त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

वीज बल्बपर्यंत गेली म्हणजे काम झाले असे नसते. तिला बॅटरीकडे परत यायला वाट लागते. वाहनात ही वाट गाडीचे लोखंड देते. बॅटरीचे ऋण टोक चेसीला जोडलेले असते, म्हणून प्रत्येक दिव्याला जाणारी वायर एकच असली तरी चालते. पण ट्रॉली आणि ट्रॅक्टर ही दोन वेगळी लोखंडे आहेत. ती एकमेकांना टेकतात फक्त टोचनच्या पिनेपाशी. तिथे ग्रीस असते, माती असते, गंज असतो आणि प्रत्येक धक्क्याला पिन वरखाली होते. या सांध्यातून वीज परत आणायची म्हणजे फुटक्या पाटातून पाणी न्यायचे. कधी येते, कधी नाही. म्हणून दिवे खड्ड्यात लागतात आणि सपाटीवर जातात.

परतीची वाट बंद झाली की वीज दुसरी वाट शोधते. डाव्या इंडिकेटरला आलेली वीज त्याच दिव्यातल्या टेललाइटच्या तारेतून उलटी शिरते आणि तिथून बाकीच्या दिव्यांत जाते. मग इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो. कधी ब्रेक दाबल्यावर मागचे सगळेच दिवे मंदावतात. असा चमत्कार दिसला की बल्ब, फ्लॅशर, स्विच यांवर पैसे घालण्याआधी अर्थ तपासावा. एक लांब वायर घ्यावी. तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे ट्रॉलीच्या दिव्याच्या अर्थला लावावे. दिवा लख्ख पेटला तर दोष सापडला.

उपाय सोपा आहे. प्लगच्या तिसऱ्या पिनेपासून प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थची स्वतंत्र वायर न्यावी. शिवाय ती ट्रॉलीच्या चेसीलाही एका बोल्टने जोडावी. जोडताना रंग आणि गंज खरवडून लोखंड पांढरे करावे, वायरीला थिंबल लावावे, बोल्ट आवळावा आणि वरून थोडे ग्रीस फासावे. रंगावर आवळलेला बोल्ट दिसायला घट्ट असतो, पण त्यातून वीज जात नाही.

वायर कोणती आणि कशी

ट्रॉलीला घरातली वायर लावू नये. घरच्या फिटिंगमध्ये जाड एकेरी तारेची वायर वापरलेली असते. भिंतीत ती वर्षानुवर्षे टिकते, पण हादऱ्याने आतल्या आत तुटते आणि वरचे प्लॅस्टिक शाबूत राहते. असा दोष शोधता शोधता दिवस जातो. वाहनासाठी बारीक अनेक तारांची, तांब्याची, वाहनांसाठीच बनवलेली वायर घ्यावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायरही मिळते आणि ती स्वस्त असते. ओळखायची खूण अशी, की ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी दिसते.

जाडीचाही हिशेब आहे. ब्रेकलाइटचा साधा बल्ब २१ वॉटचा असतो. दोन बल्बांचे ४२ वॉट, म्हणजे बारा व्होल्टला साडेतीन अँपिअर. ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या टोकापर्यंत पंधरा मीटर वायर लागते असे धरू. ती एक चौरस मिलिमीटर जाडीची असेल तर जाताना जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि अर्थची वायर तेवढीच बारीक असेल तर येताना आणखी एक. बाराचे दहा राहिले. दहाच व्होल्ट मिळाले म्हणून प्रकाश फक्त सहाव्या हिश्शाने कमी होतो असे समजू नका. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो आणि इथे तो जवळपास निम्म्यावर येतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हेच नुकसान निम्म्याहून कमी होते. निदान अर्थची आणि ब्रेकची वायर तरी जाड असावी.

वायर ओढताना ती लोंबत ठेवू नये. चेसीच्या आतल्या बाजूने, पाइपमधून न्यावी आणि दर हातभर अंतरावर क्लिप किंवा पट्टी मारावी. पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी बुश हवाच, नाहीतर पत्र्याची धार हंगामभर वायर कापत राहते. ट्रॉलीच्या दांडीपाशी एवढा सैलपणा ठेवावा की ट्रॅक्टर दोन्ही बाजूंना पूर्ण वळला तरी वायर ताणली जाणार नाही आणि सरळ चालताना ती जमिनीला घासणार नाही.

जोड शक्यतो टाळावेत. दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळायची आपली सवय आहे. उन्हाने पट्टीचा डिंक सुटतो, आत पाणी जाते आणि पितळेच्या भांड्यातले ताक कळकावे तशी तांब्याची तार हिरवी पडते. जोड द्यावाच लागला तर डाग देऊन, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवून द्यावा. ट्रॉलीसाठी वेगळा फ्यूज ठेवावा आणि तो उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा लावावा. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणे म्हणजे बांधावरचा राखणदार हाकलून देणे. पुढच्या वेळी शॉर्ट झाला की फ्यूजऐवजी वायर जळेल आणि वर वाळलेले पाचट आहेच.

हंगामापूर्वी ट्रॉलीला वेल्डिंग होतेच. त्या आधी ट्रॉलीचा प्लग काढून ठेवावा आणि ट्रॅक्टर जोडलेला असेल तर सोडवावा. वेल्डिंगचा प्रचंड करंट बारीक अर्थ वायरमधून गेला की ती जळते. वेल्डिंगचा अर्थ क्लँप जिथे काम चालले आहे त्याच्या अगदी जवळ लावावा. तो दूरच्या चाकाजवळ लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांच्यावर डाग पडतात.

बल्ब की एलईडी

टेललाइट आणि ब्रेकलाइट एकाच बल्बमध्ये असतात, त्यात दोन तारा असतात. एक ५ वॉटची, सतत जळणारी. दुसरी २१ वॉटची, ब्रेक दाबल्यावर पेटणारी. या बल्बच्या बुडाच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली केलेल्या असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. होल्डर झिजलेला असेल आणि बल्ब जोर लावून उलटा बसवला, तर टेललाइट भडक होतो आणि ब्रेक दाबल्याचे मागच्याला कळतच नाही. इंडिकेटरचा बल्ब एका तारेचा, २१ वॉटचा असतो आणि त्याच्या खुंट्या समोरासमोर असतात.

आता एलईडीचे दिवे सर्रास मिळतात आणि ट्रॉलीसाठी ते चांगले आहेत. त्यात हादऱ्याने तुटणारी तार नसते. वीज अगदी थोडी लागते, त्यामुळे लांब वायरीत व्होल्टेज फारसे वाया जात नाही. पण जुन्या होल्डरमध्ये नुसता एलईडी बल्ब बसवण्यापेक्षा पूर्ण बंद असा दिव्याचा संच घ्यावा. जुन्या दिव्याची काच आणि त्यामागची चकचकीत वाटी तारेच्या बल्बसाठी घडवलेली असते, त्यात एलईडीचा उजेड नीट पसरेलच असे नाही. संचावर ‘आयपी ६७’ असे लिहिलेले असेल तर धूळ आत जाणार नाही आणि थोडा वेळ पाण्यात बुडला तरी पाणी शिरणार नाही असा त्याचा अर्थ. एलईडीला धन-ऋण पाहून जोडावे लागते, उलट जोडल्यास तो लागत नाही.

एलईडी लावल्यावर इंडिकेटर भरभर मारतो किंवा नुसताच लागून राहतो, अशी तक्रार येते. दिव्यात दोष नसतो. जुना फ्लॅशर २१ वॉटच्या बल्बांच्या भारावर चालतो. भार कमी झाला की त्याचा ताल बिघडतो. त्याच्या जागी एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा. उलट, साधेच बल्ब ठेवून ट्रॉलीचे जास्तीचे बल्ब जोडले तर भार वाढतो, त्यालाही जादा भाराचा फ्लॅशर लागतो.

दिवा कोणताही घ्या, त्याला लोखंडी गजाची किंवा पट्टीची जाळी करा. कारखान्यावर ऊस उतरवताना दोरखंड, मोळ्या, शेजारची ट्रॉली, काहीतरी आदळतेच. गावातल्या वर्कशॉपमध्ये तासाभरात होणारे हे काम पूर्ण हंगाम दिवा वाचवते. आणि मागच्या बाजूला निळे, पांढरे, फिरते दिवे लावू नका. मागे पांढरा दिवा दिसला की वाहन आपल्याकडे तोंड करून येते आहे असे माणसाला वाटते. मागच्या दिव्याचा रंग तांबडा, त्याचा अर्थ सगळ्या जगाला ठाऊक आहे.

विजेशिवाय चालणारा दिवा

ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडली की तिचे सगळे दिवे विझतात, कारण बॅटरी ट्रॅक्टरबरोबर निघून जाते. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्याकडेला सोडून ट्रॅक्टर चाक आणायला गावात जातो, नेमकी तीच वेळ सर्वांत धोक्याची. तिथे फक्त रिफ्लेक्टर उपयोगी पडतो.

रिफ्लेक्टरच्या आत बारीक कोन किंवा काचेचे सूक्ष्म मणी असतात. ते प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतात. म्हणून मागच्या गाडीच्या झोतात तो पेटल्यासारखा दिसतो. तांबड्या रंगाचा ऑइलपेंट हे काम करत नाही, तो कितीही भडक असला तरी. चकाकणाऱ्या पट्ट्यांचे रंग ठरलेले आहेत. समोर पांढरा, बाजूला पिवळा, मागे तांबडा. बाजूची पट्टी फार जण विसरतात. ट्रॉली शेतातून रस्त्यावर आडवी निघते किंवा वळते, तेव्हा मागून येणाऱ्याला तिची बाजूच दिसत असते. पट्टी लावण्यापूर्वी पत्रा घासून, पुसून, कोरडा करावा, नाहीतर ती पहिल्या पावसाला सुटते. आणि रिफ्लेक्टरवर चिखलाचा पातळ थर बसला तरी तो आंधळा होतो. चालकाच्या खिशातले फडके रोज संध्याकाळी त्यावरून फिरले पाहिजे. बैलगाडी, टायरगाडीलाही हे लागू आहे. त्यांना तर दुसरा दिवाच नसतो.

ट्रॉली बंद पडली तर मागे तीस-चाळीस पावलांवर चकाकणारा त्रिकोण ठेवावा. दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवण्याची पद्धत सोडावी. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतो आणि रात्री मोटारसायकलवाल्याच्या चाकाखाली येतो.

दिव्यांपलीकडे

दिवे लागले म्हणजे ट्रॉली सुरक्षित झाली असे नव्हे. टोचनची पिन झिजून बारीक झाली आहे का, दांडीचा डोळा लांबट झाला आहे का, हे पाहावे. पिनेला खालून चाप हवा. खिळा वाकवून किंवा तार बांधून भागवू नये. शिवाय एक भक्कम साखळी ट्रॉलीपासून ट्रॅक्टरला असावी, म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली मोकाट सुटणार नाही. चाके उचलून हाताने हलवावीत. खडखड आली तर बेअरिंग सैल किंवा खराब आहे. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर हबला हात लावावा. एक हब बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल तर तो रात्री रस्त्यात दगा देणार. पाट्यांचे यू-बोल्ट भरलेल्या ट्रॉलीच्या पहिल्या दोन-तीन खेपांनंतर पुन्हा आवळावेत. रात्री रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या ट्रॉल्यांपैकी किती तरी या दोन-चार भागांमुळे थांबतात. त्या वेळेवर बदलले तर मागच्याला धोका व्हायची वेळच कमी येते.

पावसाळ्यात ट्रॉली चार महिने गोठ्यामागे उभी असते. उंदीर वायर कुरतडतात, सॉकेटमध्ये कुंभारीण घर करते, होल्डर गंजतात. म्हणून दसऱ्याचा हार घालण्याआधी एक संध्याकाळ यासाठी काढावी. दिवस मावळला की ट्रॉली जोडावी. घरातल्या एकाने सीटवर बसावे आणि दुसऱ्याने मागे शंभर-दीडशे पावलांवर जाऊन उभे राहावे. टेललाइट दोन्ही लागतात का, ब्रेक दाबल्यावर उजेड स्पष्ट वाढतो का, डावा दिल्यावर डावाच लुकलुकतो का, हे त्याने तिथून ओरडून सांगावे. मग दिवे बंद करून मोटारसायकलच्या झोतात रिफ्लेक्टर पाहावेत. ऊस भरल्यावर, वाढे लोंबल्यावर हीच पाहणी पहिल्या खेपेला पुन्हा करावी. लोंबणारी वाढे दिव्यावर आली असतील तर कोयत्याने छाटायला दोन मिनिटे लागतात.

ही पाहणी मालकाने स्वतः करावी असा माझा आग्रह आहे. चालक हंगामापुरता असतो, तो आज इथे तर उद्या दुसऱ्या ट्रॅक्टरवर. दिव्याचे पैसे मागायला तो संकोचतो आणि न मागितल्याबद्दल त्याला कोणी विचारत नाही. ट्रॅक्टरवरच्या टेपला आणि भोंग्यांना आपण हौसेने पैसे घालतो, त्या मानाने दोन टेललाइट, वीस मीटर वायर आणि चकाकती पट्टी यांचा खर्च किरकोळ आहे. कारखान्यांनी आणि वाहतूक संस्थांनीही गव्हाणीच्या रांगेत उभ्या ट्रॉल्यांचे मागचे दिवे पाहायला एक माणूस ठेवावा. रांगेत तासन्‌तास थांबावे लागते, तेवढ्या वेळात बल्ब बदलून होतो.

रात्री आपल्या ट्रॉलीमागून येणारा माणूस कोण असेल हे आपल्याला ठाऊक नसते. तो पाहुण्यांकडून परतणारा असेल, पहाटेचे दूध घेऊन निघालेला असेल, कदाचित आपल्याच गावचा असेल. त्याला पुढे ट्रॉली आहे हे वेळेवर सांगणारा तो तांबडा दिवा, एवढेच आपल्या दोघांमधले बोलणे असते. ते बंद पडू देऊ नये.